गारव्याची रेघ

टाकीत गॅस किती उरलाय ते बघायची एक जुनी रीत आहे. टाकीच्या अंगावर मगभर कढत पाणी ओतायचं, जरा थांबायचं आणि मग तळहात वरून खाली अलगद फिरवत आणायचा. वर पत्रा उबदार लागतो. मग एका जागी, कुणी रेघ ओढावी तसा, एकदम गार होतो. रेघेच्या खाली गॅस, वर नुसती पोकळी. वहिनींना ही रीत त्यांच्या नवऱ्यानं शिकवली होती. नवरा गेल्यापासून वहिनी ती रोज सकाळी पाळत होत्या. एक वेळ देवाला हात जोडायला विसरतील, पण टाकीला हात लावायला नाही.

टाकीला काटाही होता, नाही असं नाही. पण लिफ्टवाल्यांचा त्या काट्यावर काडीचा विश्वास नव्हता. लिफ्टवाले म्हणजे वहिनींचे यजमान. जन्मभर लोकांच्या इमारतींतल्या लिफ्ट दुरुस्त करत आले, म्हणून सगळे त्यांना त्याच नावानं ओळखायचे. "हा काटा म्हणजे तोंडपुजा माणूस," ते म्हणायचे. "गॅस गळ्यापर्यंत असो नाहीतर घोटभर, हा आपला हिरव्यातच. आणि संपला की एकदम लाल. मधलं काही सांगणारच नाही. तू हात लाव. हात खोटं बोलत नाही."

पुढे त्यांनी स्वतः मात्र त्या काट्याचंच अनुकरण केलं.

झालं असं, की नोकरी संपल्यावर त्यांनी ही कॅम्पर व्हॅन घेतली. "जन्मभर वर-खाली केलं, आता जरा आडवं जाऊ दे मला," म्हणाले. आत कपाटं बसवली, दिवसा बाक आणि रात्री बिछाना होईल अशी फळी केली, शेगडी, छोटा फ्रिज, हीटर, सगळं एकाच टाकीवर जोडलं आणि ती बाहेरून भरता यावी म्हणून डिझेलच्या झाकणाशेजारी एक लहान झाकण बसवलं. निघायच्या सकाळी पंपावर जाऊन प्रोपेन भरून आणला. वहिनींना बाहेर बोलावलं, टाकीवर कढत पाणी ओतलं आणि त्यांचा हात धरून रेघ दाखवली. अगदी वर, टाकीच्या खांद्यापाशी होती. "बघ. वर थोडी जागा मोकळी सोडतात. गॅसलासुद्धा श्वास घ्यायला लागतो," ते म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "ते असू दे. विरजणाला दूध नाहीये घरात. कोपऱ्यावरून घेऊन येते, मग निघू."

दूध घेऊन आल्या तर लिफ्टवाले चालकाच्या जागेवर बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर रस्त्यावर. वहिनींनी दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायची गरज राहिली नव्हती.

माणूस जातो, त्याला इलाज नाही. सगळ्यांचीच माणसं जातात. पण कोपऱ्यावर जाऊन दूध घेऊन येईपर्यंत जातो, याला काय म्हणायचं? लोक समजावायचे, सुटले हो, त्रास झाला नाही. वहिनी मान डोलवायच्या. मनात त्यांना एकच गोष्ट खात होती. आपण तिथे नव्हतो. इतक्या वर्षांचा संसार, आणि नेमक्या त्या घटकेला आपण दुकानात दुधाची तारीख बघत उभ्या.

काही आठवड्यांनी मुलगा न्यायला आला. त्यानं आईसाठी घरातली मागची खोली रिकामी केली होती, पडदेही लावले होते. चांगला मुलगा होता, त्याला नावं ठेवायला जागा नाही. वहिनींनी त्याला चहा दिला आणि त्या कढत पाण्याचा मग घेऊन बाहेर गेल्या. तो खिडकीतून बघत राहिला, आई गाडीच्या मागचा कप्पा उघडून टाकीला आंघोळ घालतेय. परत आल्या आणि म्हणाल्या, "ह्यांनी भरलेला गॅस आहे तो. तसाच आहे अजून. तो संपेपर्यंत मी ह्या गाडीतून फिरणार. शेवटची ज्योत विझेल तेव्हा मी शेगडीपाशी बसलेली असेन. यावेळी कुठे जाणार नाही. मग तू म्हणशील तिथे येऊन राहते."

मुलगा पुष्कळ बोलला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्यानं हुकमाचं पान टाकलं. "आई, तुला गाडी चालवता येत नाही."

"मला येते," स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

त्या वन्सं. लिफ्टवाल्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, शाळेची बस चालवण्यात हयात घालवली. आवाज खणखणीत, केस आखूड, डोळ्यांवर भलामोठा काळा चष्मा. नणंद-भावजयींचं गूळपीठ असतं असं कुणी सांगितलं तर शहाणा माणूस दोन पावलं मागे सरतो. या दोघींचंही गूळपीठ नव्हतं. वहिनी त्यांना सुनेच्या जुन्या सवयीनं 'अहो वन्सं' म्हणायच्या आणि मनात आलं तर दिवसभर अबोला धरायच्या. वन्सं त्यांना बिनधास्त 'अगं वहिनी' म्हणायच्या आणि अबोला धरलाय हे त्यांच्या ध्यानातच यायचं नाही. चार दिवसांत बसची नोकरी आणि भाड्याची खोली सोडून, एक पिशवी घेऊन त्या हजर झाल्या. खोली का सोडली, नुसतं कुलूप का नाही लावलं, हे वहिनींना विचारायला सुचलं नाही.

पहिल्याच दिवशी गाडी सुरू करण्याआधी वन्संनी वरच्या आरशात बघितलं आणि जन्माच्या सवयीनं विचारलं, "सगळे बसले का?"

"सगळे कोण?" वहिनी म्हणाल्या. "मी एकटीच तर आहे."

"विचारल्याशिवाय माझा पाय क्लच सोडत नाही. तू आपलं हो म्हण."

वहिनींनी काही हो म्हटलं नाही. गाडी निघाली.

मग ते दिवस सुरू झाले, ज्यांना वार नव्हता. सकाळी डोळा उघडावा तर खिडकीत समुद्र असायचा, नाहीतर कापणी झालेलं मोकळं शेत, नाहीतर एखाद्या बंद कारखान्याची लांबलचक भिंत आणि तिच्यावरून ओळीनं चालणारं एकच मांजर. आपण कुठे आहोत हे आठवायला वहिनींना थोडा वेळ लागायचा, आणि तो वेळ त्यांना आवडायला लागला होता. त्या तेवढ्या वेळात लिफ्टवाले जिवंत असायचे. बाहेर कुठेतरी काहीतरी ठोकत असायचे. मग वन्सं कूस बदलायच्या, फळी करकरायची आणि जग जागच्या जागी यायचं.

उठल्यावर पहिलं काम शेगडी. काडी ओढायची, बटण फिरवायचं. भस्स करून निळं फूल उमलायचं आणि मग त्याचा बारीक आवाज सुरू व्हायचा, एकसारखा, नाकातून येणाऱ्या श्वासासारखा. लिफ्टवाले घोरत नसत, पण गाढ झोपले की असाच आवाज यायचा. वहिनी पाणी उकळेपर्यंत तो ऐकत बसायच्या. पाणी उकळलं की अर्ध्याचा चहा आणि अर्धं टाकीवर.

रेघ उतरत होती. खांद्यापासून फाटक्या लेबलाच्या वरच्या कडेशी आली, मग लेबलाच्या मध्यावर. लेबलाच्या खाली एक पोचा होता. गाडीत टाकी चढवताना लिफ्टवाल्यांच्या हातून ती निसटली होती, तेव्हाचा. वहिनींनी मनात धरलं होतं, की पोच्याच्या खाली गेलं म्हणजे आता थोडंच राहिलं.

आणि मग त्यांनी काटकसर सुरू केली. आधी म्हणे संपवायचाय, आणि आता संपू देईनात! झाकण ठेवल्याशिवाय काही शिजवायचं नाही. बटाटे शिजले की त्याच पाण्यात अंडी. आंघोळ गार पाण्यानं. हीटर तर बंदच. थंडी पडायला लागली तशा दोघी दोन-दोन स्वेटर आणि तीन-तीन पांघरुणं घेऊन बाकावर गाठोड्यासारख्या बसायच्या. वन्संच्या तोंडातून धूर निघायचा.

"वहिनी, दादानं हा हीटर शोभेला बसवलाय का?"

"चाला थोड्या. ऊब येते."

"कुठे चालू? फ्रिजपासून शेगडीपर्यंत?"

फ्रिज मात्र वहिनींनी कधी बंद केला नाही. त्यात विरजणाची वाटी होती. स्टीलची, घट्ट झाकणाची, वरून फडकं बांधलेली. ते विरजण सासूबाईंचं. लग्न होऊन आल्यावर सासूबाईंनी पहिल्या आठवड्यात ती वाटी वहिनींच्या हाती दिली होती आणि एकच नियम सांगितला होता. दही कितीही आवडलं तरी भांडं पुसून खायचं नाही. चमचाभर उरलं की थांबायचं, त्याच्यावर नवं दूध घालायचं. हा नियम घरात सगळ्यांना तोंडपाठ होता. लहानपणी वन्संनी एकदा वाटी चाटूनपुसून साफ केली तेव्हा सासूबाईंनी शेजारणीकडून स्वतःचंच विरजण परत मागून आणलं होतं आणि वन्संना दोन दिवस दही दिलं नव्हतं. आता त्या वाटीनं किती गावांचं दूध प्यायलं होतं. डोंगरात दही लागायचं घट्ट आणि गोड, समुद्राकाठी सैल. पण चव मुळात तीच, जिभेच्या मागच्या टोकाला जराशी आंबट. म्हणून पंपावर गाडी थांबली की वहिनी आधी दुकानात दूध आणायला जायच्या आणि वन्सं डिझेल भरायच्या.

रेघ पोच्यापाशी आली. आणि तिथे थांबली.

पहिल्यांदा वहिनींना वाटलं, आपण काटकसर करतोय त्याचा गुण. दुसऱ्या दिवशीही पोच्यापाशीच. तिसऱ्या दिवशी एखादं बोट खाली गेल्यासारखी वाटली, पुढे पुन्हा पोच्यापाशी. चहा रोज होत होता, बटाटे शिजत होते, फ्रिज चालू होता. आणि टाकी म्हणजे सतीचं वाण घेतल्यासारखी ढळायला तयार नाही.

वहिनी काही दुधखुळ्या नव्हत्या. खर्च होतो ती वस्तू कमी होते, एवढं त्यांनाही कळत होतं. पण त्या दिवसांत त्यांचं मन अशा जागी होतं, जिथे दोन आणि दोन चार झाले नाहीत तरी फार बिघडत नव्हतं. दुपारी गाडी एखाद्या झाडाखाली उभी असायची, वन्सं पुढे काळा चष्मा लावून पेंगत असायच्या, आणि वहिनी मागे बाकावर पडून अर्धवट डोळ्यांनी छताकडे बघायच्या. पानांची सावली छतावर हलायची. अशा वेळी त्यांना स्पष्ट वाटायचं, की मागच्या कप्प्याचं दार कुणीतरी उघडलंय, टाकीवर हात फिरवतंय आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटतंय. त्या उठून बघायच्या नाहीत. उठलं तर जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायच्या आणि कूस वळवायच्या.

वन्सं मात्र रोज सकाळी चहाचा कप तोंडाला लावून, भलतीकडेच बघत विचारायच्या, "काय, कुठवर आली रेघ?"

"आहे तिथेच."

"असं? कमाल आहे हो टाकीची." आणि कप रिकामा असला तरी त्यातून घोट घ्यायच्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

दर रविवारी मुलाचा फोन यायचा. "आई, हवा दमट असेल तर पांघरुणं उन्हात घाल. गाडी उतारावर लावू नका. आत्याला म्हणावं ब्रेक तपासून घे." उंटावरून शेळ्या हाकून झाल्या की हळूच मुद्द्याला यायचा. "गॅस किती राहिला?"

"आहे अजून," वहिनी म्हणायच्या. आणि फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात यायचं, की हे सांगताना आपल्याला बरं वाटलं.

मग तळ्याकाठची ती सकाळ आली. आदल्या दिवशी त्या एका पंपावर थांबल्या होत्या, नेहमीसारखं दूध घेतलं होतं, आणि संध्याकाळ होता होता तळ्याकाठी गाडी लावली होती. सकाळी दार उघडलं तर बाहेर काही नव्हतंच. धुकं इतकं, की तळं कुठे सुरू होतं आणि किनारा कुठे संपतो ते कळत नव्हतं. एक बदक ओरडत होतं, तेही कुठून कोण जाणे. वहिनी पाण्याचा मग घेऊन मागे निघाल्या तशा वन्सं अंथरुणातून म्हणाल्या, "आज राहू दे ना वहिनी. गारठा केवढा आहे. एक दिवस नाही बघितलं तर काय बिघडतं?"

वहिनी गेल्याच. कप्पा उघडला, पाणी ओतलं. वाफ उठली आणि धुक्यात मिसळून गेली. सवयीनं त्यांनी हात वर, खांद्यापाशी ठेवला आणि खाली न्यायला लागल्या. आणि हात तिथेच थांबला.

गार.

लेबलाच्याही वर, अगदी खांद्याच्या खाली, टाकी गार होती. त्यांनी उरलेलं पाणी ओतलं. पुन्हा हात लावला. तीच जागा. त्या सकाळी लिफ्टवाल्यांनी त्यांचा हात धरून जिथे ठेवला होता, बरोबर तीच.

किती वेळ गेला ते वहिनींना कळलं नाही. त्या हळूहळू गाडीच्या कडेकडेनं पुढे आल्या, एक हात पत्र्यावर ठेवून. पुढची काच धुक्यानं पांढरी झाली होती, आणि काचेच्या आत, चालकाच्या जागेवर, खांदे थोडे पुढे झुकवून कुणीतरी बसलं होतं.

"आलात?" वहिनी म्हणाल्या.

कुणी वळून बघितलं नाही. वहिनींनी काचेवर हात फिरवला. खुर्चीच्या पाठीवर वन्संचा जाड कोट टांगलेला होता, एवढंच.

"वहिनी," मागून आवाज आला. वन्सं पांघरूण लपेटून दारात उभ्या होत्या. चष्मा नव्हता, आणि चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा एकदम लिफ्टवाल्यांसारखा दिसत होता. "वहिनी, ती पंपावरची पोरगी. मी तिला म्हटलं होतं थोडाच घाल म्हणून. मी टायरची हवा बघायला गेले तेवढ्यात तिनं बंद पडेपर्यंत भरला. मला म्हणते, आजी, थंडी वाढतेय, असू दे भरपूर. आता गॅस काय चहा आहे, बशीत काढून ठेवायला?"

वहिनींना आधी अर्थच लागेना. मग लागला. डिझेलच्या झाकणाशेजारी ते दुसरं लहान झाकण. बाहेरून गॅस भरायचं. आणि आपण दुकानात.

"कधीपासून?"

"रेघ पोच्यापाशी आली तेव्हापासून. दरवेळी जरासा. तुला कळू नये एवढाच."

वहिनी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचा गॅस संपला. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी सकाळी संपला, आणि मी त्यावर बटाटे उकडत बसले. मला पत्तासुद्धा नाही. वन्सं, मला एकच गोष्ट करायची होती. एकदा नव्हते, आता तरी असेन म्हटलं होतं. आणि तुम्ही पुन्हा मला दूध आणायला पाठवलंत."

हे बोलून त्यांनी तोंडाला पदर लावावा तसा स्वेटरची बाही लावली आणि रडल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आवाज करून रडल्या. तळ्यावरचं बदकही गप्प झालं.

वन्सं दारातून खाली उतरल्या, अनवाणी. "संपला नाही तो."

"कशाला खोटं बोलता आता?"

"खोटं नाही बोलत. मी संपूच दिला नाही. अगं, आईच्या पोटची आहे मी. एकदा वाटी चाटली तर दोन दिवस दही मिळालं नव्हतं, विसरेन का? त्याचा थोडा असतानाच वरून घातला. पुन्हा थोडा उरला, पुन्हा घातला. टाकी एकदाही कोरडी नाही झाली. त्याचा आहे त्यात. किती आहे ते मला विचारू नको, पण आहे." मग नाक ओढून म्हणाल्या, "आणि आता निघालंच आहे तर ऐक. संपला असता तर तू पोराकडे गेली असतीस. तुला तिथे पडदे लावून ठेवलेत. मला कोण पडदे लावणार? आणि तो काय तुझाच होता? माझा भाऊ होता तो. त्या सकाळी मी पोरं घेऊन शाळेच्या फाटकात उभी होते. मलाही नव्हतं ना येता आलं."

वहिनींनी वर बघितलं. इतके महिने ही बाई शेजारी बसून गाडी चालवत होती, आणि तिचं दुःख कुठवर आलंय ते बघायला आपण कधी हात लावला नाही. काट्यावर विसंबून राहिलो. काळा चष्मा, खणखणीत आवाज, सगळं हिरव्यात.

त्या वळून आत गेल्या. वन्संना वाटलं, संपलं, आता अबोला. पण वहिनी फ्रिज उघडून विरजणाची वाटी घेऊन बाहेर आल्या. फडकं सोडलं, झाकण काढलं आणि वाटी वन्संच्या नाकाखाली धरली.

"हे कुणाचं?"

"आईचं."

"त्यांना जाऊन किती वर्षं झाली?"

वन्सं वाटीकडे बघत राहिल्या, मग त्यांनी चमचा न मागता बोटच घातलं आणि चाटलं. "आईचंच आहे," म्हणाल्या आणि त्यांचा तो खणखणीत आवाज मधेच चिरकला.

"पुसून खाऊ नका म्हणजे झालं," वहिनी म्हणाल्या. "आणि पायात काहीतरी घाला. निमोनिया झाला तर गाडी मी चालवू का?" त्यांनी डोळे पुसले. "चला आत. हीटर लावा."

"काय?"

"हीटर लावा म्हटलं. ह्यांनी काय शोभेला बसवलाय?"

त्या सकाळी त्या गाडीत जे झालं त्याला चैन म्हणतात. हीटर लागला, शेगडीच्या दोन्ही ज्योती लागल्या, एकीवर चहा आणि दुसरीवर आंघोळीचं पाणी. झाकणं कशावरच नव्हती. खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळायला लागलं, दोघींनी एकेक करून स्वेटर उतरवले, वन्संचे नाक-कान लाल झाले. हीटरचा आवाज शेगडीच्या आवाजात मिसळला आणि सगळी गाडी एकाच लयीत हळूहळू श्वास घ्यायला लागली. वहिनी त्या उबेत बसल्या बसल्या झोपल्या. त्यांना एक लिफ्ट दिसली, तिचं दार उघडं होतं, आणि ती वर-खाली न जाता तळ्याच्या पाण्यावरून आडवी चालली होती. आत कोण आहे ते दिसत नव्हतं. पण कुणीतरी मजेत होतं.

रविवारी मुलाचा फोन आला. ब्रेक, उतार, पांघरुणं सगळं झालं. "आणि गॅस, आई? संपत आला असेल ना आता?"

"नाही रे. हा काही संपणारा नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे त्या खोलीत तुझी सायकल ठेव. पडदे राहू देत, आम्ही दोघी येऊ तेव्हा उपयोगी पडतील. आत्याही येईल, तिच्यासाठी एक खाट बघ."

पुढे हीटर मनसोक्त चालला, तशी रेघ भराभर खाली आली. पोच्यापाशी पोचली तेव्हा त्यांना एक पंप लागला. रस्त्याच्या कडेला, मोकळ्या माळावर, एक छप्पर आणि एक दुकान. वन्संनी गाडी लावली आणि हातब्रेक ओढला. सवयीनं वहिनींनी दुधाची पिशवी उचलली. दाराशी आल्या, थांबल्या आणि पिशवी वन्संच्या हातात दिली.

"आज दूध तुम्ही आणा, वन्सं."

वन्संनी त्यांच्याकडे बघितलं, पिशवी घेतली आणि दुकानाकडे गेल्या.

वहिनी मागे गेल्या. कप्पा उघडला आणि टाकीच्या अंगावर तळहात ठेवला. पंपावरचा म्हातारा नळी ओढत आला, लहान झाकण फिरवून काढलं. "रिकामी आहे का, बाई?"

"नाही. आहे अजून थोडा," वहिनी म्हणाल्या. "त्याच्यावरच घाला."

म्हाताऱ्यानं नळी लावली. आत सळसळ झाली. वहिनींच्या तळहाताखाली पत्रा थरथरला आणि मग गारवा हळूहळू वर चढायला लागला, पोच्यावरून लेबलाकडे, बोटाबोटानं. त्यांनी हात काढला नाही. खांद्यापाशी, तिथे, येऊन तो थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या.

वन्सं दूध घेऊन आल्या, चष्मा चढवला, आरसा नीट केला. "सगळे बसले का?"

"बसले," वहिनी म्हणाल्या. "चला."